विनासायास, पण किती दिवस?

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबे उघडले, की एकजण तरी डबा न उघडता पाण्याची बाटली घेऊन बसलेला असतो. 'काय हो, आज उपास का?' असे विचारले, की उत्तर येते, 'नाही, दीक्षित चालू आहे.' एका डॉक्टरांचे आडनाव असे बोलीभाषेत रुळावे, हे त्यांच्या मोहिमेचे यशच म्हटले पाहिजे. तीन-चार महिन्यांनी त्या सहकाऱ्याचा पट्टा दोन भोके आत गेलेला दिसतो. सगळे कौतुक करतात. पुढे वर्ष-दीड वर्षाने तोच डबा पुन्हा मधल्या सुट्टीत उघडलेला असतो, पट्टा जुन्या भोकावर आलेला असतो, आणि त्याविषयी कुणी काही विचारत नाही. विचारलेच तर तो स्वतःच म्हणतो, 'माझाच निश्चय कमी पडला.'

हे उत्तर बरोबर आहे का? डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या 'विनासायास वेटलॉस' या पुस्तकाकडे आणि त्याभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीकडे या एका प्रश्नाच्या अंगाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. वजन उतरते की नाही, हा आपला प्रश्न नाही. ते अनेकांचे उतरते. उतरलेले वजन टिकते का, टिकत असेल तर कशामुळे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हा सल्ला जसाच्या तसा देता येईल का, हे आपल्याला पाहायचे आहे.

आराखडा काय आहे?

या विचाराचे मूळ नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांत आहे. जिचकारांचे २००४ साली अपघाती निधन झाले. जनऔषधवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेल्या डॉ. दीक्षितांनी त्यांचे व्याख्यान ऐकून २०१२ साली स्वतःवर प्रयोग केला, आणि तीन महिन्यांत आपले वजन आठ किलोंनी उतरल्याचे ते सांगतात. पुढे त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली. पुस्तक हा त्याच बोलण्याचा लेखी अवतार आहे.

नियम मोजके आहेत. आपल्याला खरी कडकडून भूक केव्हा लागते ते ओळखायचे. दिवसातून त्या दोनच वेळी जेवायचे. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे. मधल्या काळात पाणी, पातळ ताक, साखरेविना चहा एवढेच घ्यायचे. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. सुरुवातीला आणि दर तीन महिन्यांनी रक्तातील साखरेची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' चाचणी करायची.

यातले गुण आधी मान्य केले पाहिजेत. पुस्तक सोप्या मराठीत आहे. त्यात कुठलीही पावडर, गोळी किंवा महागडे यंत्र विकत घ्यायला सांगितलेले नाही. बिस्किटे, गोड चहा, फरसाण हे जे दिवसभर नकळत पोटात जाते, त्यावर एका फटक्यात बंदी येते. चालणे आणि तपासणी यांना आराखड्यात जागा आहे. वजन कमी करण्याच्या बाजारात इतका साधा आणि फुकट सल्ला क्वचितच मिळतो. आपली हरकत नियमांपेक्षा त्यांमागे सांगितलेल्या कारणाला आहे.

इन्सुलिनचे 'माप'

ते कारण थोडक्यात असे. आपण काहीही खाल्ले की स्वादुपिंडातून इन्सुलिनचे एक ठरावीक माप बाहेर पडते. खायला सुरुवात केल्यापासून ५५ मिनिटांपर्यंत आणखी कितीही खाल्ले तरी दुसरे माप पडत नाही. म्हणून दिवसातून जितक्या वेळा तोंड हलेल, तितकी मापे पडतील. इन्सुलिन चरबी साठवते, म्हणून मापे कमी तर चरबी कमी.

ऐकायला हे सुटसुटीत आहे. इन्सुलिन हे साठवणीचे संप्रेरक आहे हेही खरे आहे. परंतु स्वादुपिंड मापाने इन्सुलिन ओतत नाही. रक्तातील साखर वाढू लागली, की पहिल्या सुमारे दहा मिनिटांत इन्सुलिनचा एक झटपट लोट येतो आणि त्यानंतर, साखर चढलेली असेतोवर, ते सावकाश स्रवत राहते. किती स्रवायचे हे साखरेच्या पातळीवर आणि आतड्यातून येणाऱ्या इतर संप्रेरकांच्या निरोपांवर अवलंबून असते. अर्ध्या वाटी भाताला कमी, चार वाट्या भाताला जास्त. भरपेट जेवणानंतर इन्सुलिनची पातळी दोन-तीन तास चढलेली राहते. ५५ मिनिटांची कुठलीही रेघ शरीरात आखलेली नाही. शिवाय दिवसभरात स्रवणाऱ्या इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मे तर न खाताही मंदपणे स्रवत असते.

घरातल्या धान्याच्या कणगीचे उदाहरण घेऊ. कणगीचे झाकण दिवसातून दोनदा उघडले की सहादा, यावरून वर्षअखेरीस किती धान्य उरेल ते सांगता येत नाही. आत किती ओतले आणि बाहेर किती काढले, हेच पाहावे लागते. चरबीचेही तसेच आहे. दोन जेवणांच्या मधल्या काळात चरबी बाहेर निघते, पण जेवणात तितकी परत भरली तर हिशेब जिथल्या तिथे राहतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीत आपल्या आजीने हेच शरीरशास्त्र सांगून ठेवले आहे.

मग लोकांचे वजन उतरते कसे? बहुतेकांच्या दिवसातल्या चार-पाच खाण्यांतली दोन-तीन बंद झाली, की एकूण खाणे घटते. दोन जेवणांत माणूस ती सगळी तूट भरून काढत नाही.

प्रयोग काय सांगतात?

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. प्रागमध्ये हाना काहलेओवा आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर केलेला प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याच उष्मांकांचा आहार १२ आठवडे सहा खाण्यांत आणि १२ आठवडे दोन जेवणांत विभागून दिला. सहा खाण्यांत वजन सरासरी २.३ किलो उतरले, दोन जेवणांत ३.७ किलो. हा निकाल दोन जेवणांच्या बाजूचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. पण दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. त्या प्रयोगात ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, रात्रीचे नव्हे. आणि प्रयोग १२-१२ आठवड्यांचा होता.

वर्षभराचे प्रयोग वेगळे चित्र दाखवतात. चीनमधील ग्वांगझूच्या प्रयोगात (२०२२) १३९ जणांपैकी निम्म्यांनी उष्मांक कमी केले, तर निम्म्यांनी तेवढेच उष्मांक कमी करून शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन ६.३ किलो उतरले होते, दुसऱ्याचे ८ किलो. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर योगायोगापलीकडचा ठरला नाही.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा प्रयोग शिकागोचा आहे. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात १०० लठ्ठ व्यक्तींचे तीन गट होते. एक गट एक दिवस अगदी अल्प आणि दुसऱ्या दिवशी भरपूर खाणारा, दुसरा रोज थोडे कमी खाणारा, तिसरा तुलनेसाठी. पहिले सहा महिने वजन उतरवण्याचे, पुढचे सहा टिकवण्याचे. तुलनागटाच्या मानाने सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ६.८ टक्के घट होती. वर्षाअखेरीस उपासाच्या गटात ६ टक्के आणि रोज कमी खाणाऱ्यांत ५.३ टक्के उरली. हा फरकही नगण्य ठरला. मात्र उपासाच्या गटातले ३८ टक्के लोक प्रयोग अर्ध्यावर सोडून गेले होते, रोज कमी खाणाऱ्यांतले २९ टक्के.

दीक्षितांचा आराखडा हुबेहूब यांपैकी कुठलाच नाही, हे खरे. तरी सर्व प्रयोगांतून निघणारा बोध एकच आहे. घड्याळ हे कमी खाण्याचे एक साधन आहे. ते ज्याला जमते त्याला उपयोगी पडते. त्यात वेगळी जादू नाही.

शरीराची ओढ

आता त्या पट्ट्याच्या भोकाकडे वळू. वजन परत का येते?

१९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. चरबीच्या पेशी लेप्टिन तयार करतात. पेशी भरलेल्या तर लेप्टिन जास्त, रोडावल्या तर कमी. मेंदू ही पातळी पाहून कोठारात किती शिल्लक आहे ते ओळखतो. आठ किलो उतरले की आपण आनंदतो, पण मेंदूला मात्र दुष्काळ पडल्याची वर्दी मिळते. तो दोन उपाय करतो. खर्च कमी करतो आणि भूक वाढवतो.

हे किती काळ चालते? ऑस्ट्रेलियात प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी ५० व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहार दिला आणि त्यानंतर वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०११ साली त्यांनी जाहीर केले, की वर्ष उलटूनही भूक वाढवणारे घ्रेलिन चढलेले आणि तृप्ती देणारी संप्रेरके उतरलेलीच होती. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा उतरलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले होते. विश्रांतीच्या वेळी शरीर जाळत असलेले उष्मांक मात्र अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० ने कमीच राहिले होते.

अमेरिकेतील केव्हिन हॉल यांच्या गणितानुसार, उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी घटतो आणि भूक सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. हे सरासरीचे आकडे आहेत, प्रत्येकाचे वेगळे असतील. पण वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहेत. आठ किलो उतरले तर खर्च सुमारे २०० उष्मांकांनी कमी, भूक ८०० उष्मांकांनी जास्त. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० उष्मांक असतात. म्हणजे वजन उतरलेल्या गुरुजींनी पूर्वीइतकेच खाल्ले, तरी त्यांच्या ताटात रोज दीडशे ग्रॅम भात जास्त झाला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. ७७०० भागिले २०० म्हणजे ३८ किंवा ३९ दिवस. सुरुवातीला दर सव्वा महिन्याला एक किलो, पुढे सावकाश. आणि हे भूक वाढलेली नसती तर!

तेव्हा 'माझाच निश्चय कमी पडला' हे उत्तर अपुरे आहे. आपल्या भागात रोवणीच्या दिवसांत, जुनी शिल्लक संपत आलेली आणि काम कंबरमोड, अशा वेळी शेतकऱ्याचे वजन उतरते आणि सुगीनंतर ते परत भरते. शरीराची ही ओढ टंचाईच्या काळात प्राण वाचवणारी आहे. शिक्षकखोलीतल्या माणसाच्या शरीरात तीच ओढ काम करते, फक्त त्याच्या आयुष्यात सुगी बाराही महिने असते.

पुस्तकाचा खरा उणेपणा इथे आहे. 'विनासायास' हा शब्द पहिल्या तीन महिन्यांना कदाचित शोभेल. दुसऱ्या वर्षाला तो शोभत नाही. 'मापे' कमी केली की चरबी आपोआप जाते, असे ज्याला पटले आहे, त्याला वजन परत येऊ लागले की दोनच अर्थ लागतात. एक तर आपण कुठेतरी चोरून खाल्ले, किंवा आपल्यात काही खोट आहे. कारण चुकीचे शिकवले, की अपयशाचा अर्थही चुकीचा लागतो.

चालणे ही जमेची बाजू

गंमत अशी, की दुसऱ्या वर्षाची किल्ली या आराखड्यातच आहे, पण ती घड्याळाच्या सावलीत झाकली गेली आहे. ती म्हणजे चालणे. ६५-७० किलोच्या माणसाला साडेचार किलोमीटर भराभर चालायला ढोबळमानाने २०० उष्मांक जास्तीचे लागतात. वर काढलेली खर्चातली घट जवळजवळ तेवढीच आहे!

अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ साली एक नोंदवही सुरू केली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष टिकवलेल्या हजारो लोकांच्या सवयी तीत नोंदल्या गेल्या. त्यांनी वजन उतरवले ते नाना मार्गांनी, पण टिकवण्याच्या सवयी बऱ्याच सारख्या होत्या. बहुतेक जण रोज सुमारे तासभर हालचाल करत, आणि त्यात चालणे सर्वाधिक. बरेच जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहत. ७८ टक्के लोक रोज न्याहारी करत, म्हणजे सकाळचे खाणे सोडणे ही टिकवण्याची अट नव्हे. हे स्वतःहून नाव नोंदवलेले यशस्वी लोक आहेत, म्हणून यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी दिशा कळते.

मग दोन जेवणांचा नियम टाकून द्यावा का? मुळीच नाही. वाढलेल्या भुकेला दिवसातून दहादा उत्तर देत बसण्यापेक्षा 'आता वेळ नाही' असा एक साधा नियम पुष्कळांना सोपा जातो. पण तो शिस्त म्हणून उपयोगी आहे, इन्सुलिनचे माप म्हणून नव्हे. ज्याला तीन वेळा थोडे थोडे खाऊन हीच शिस्त पाळता येते, त्याने अपराधी वाटून घ्यायचे कारण नाही.

'दोन वेळचे जेवण'

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे येऊ. मराठीत 'दोन वेळच्या जेवणाची भ्रांत' असे म्हणतात. ज्या भाषेत दोन वेळचे जेवण हे गरिबीचे माप आहे, तिच्यात ते आता आरोग्याचे माप झाले आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असलेले जिल्हे म्हणजे आपले. चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळसा, वीज आणि कागदाच्या उद्योगांनी बैठी नोकरी आणि भरले ताट आणले. तिथून निघालेली बस भामरागड-एटापल्लीकडे जाते, तिथे पावसाळ्याचे महिने आजही ओढीचे असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे एक-पंचमांश स्त्रिया अपेक्षेपेक्षा हडकुळ्या आणि एक-चतुर्थांशाच्या जवळ स्त्रिया वाजवीपेक्षा जाड आढळल्या. आपल्या वर्गात हे दोन्ही एका छपराखाली असतात. शिक्षक जाड, विद्यार्थी हडकुळा.

म्हणून तीन धोके सांगणे जरूर आहे.

पहिला धोका मुलांचा. पुस्तक प्रौढांसाठी आहे, पण दहावी-बारावीच्या मुली बाईंचे पाहून डबा टाळू लागतात. वाढत्या वयातल्या मुलीला उपाशी राहण्याची मुभा नसते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना तर नाहीच. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दुपारी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने देण्याचे प्रमाण ठरवले आहे, ते काही उगीच नाही. शिक्षकांनी आपले पथ्य मुलांसमोर पराक्रम म्हणून मिरवू नये.

दुसरा धोका स्नायूंचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा वजन-उंची निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! भारतीय शरीर काट्यावर बारीक दिसले तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. खाणे घटले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आपले मुख्य अन्न भात. त्याची दोनच जेवणे करून वर वरण नावापुरते ठेवले, तर काटा खाली येईल, पण गमावले काय हे तो सांगणार नाही. दोन जेवणे करायचीच, तर त्यांत डाळ, उसळ, अंडी, आपल्या मामा तलावांतली मासळी यांना आधी जागा हवी. आणि मधल्या वेळची भूक मारायला खर्रा तोंडात टाकणे म्हणजे 'काही न खाणे' नव्हे, हेही इकडे स्पष्ट सांगावे लागते.

तिसरा धोका सर्वांत कमी बोलला जातो. तो चाचणीचा आहे.

चाचणी फसते तेव्हा

एचबीए१सी चाचणी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. पण पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी फार लवकर, बहुधा १०-२० दिवसांतच मोडते. तिला साखर चिकटायला अवधीच मिळत नाही. चाचणीचा आकडा फसवा कमी येतो.

केवळ वाहक असलेल्या, एरवी निरोगी माणसातही फरक पडू शकतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर सारखी असताना वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी निघत होता. ६.५ ला मधुमेह म्हणतात. समजा, खरा आकडा ६.६ असायला हवा आणि कागदावर ६.३ आला. माणूस म्हणेल, मधुमेह हटला! तो गोळी सोडेल, पथ्यही ढिले करील. उलट, लोहाच्या कमतरतेत हाच आकडा फसवा वाढलेला दिसू शकतो. जी मोहीम आपले यश या एका आकड्यावर मोजते, तिने गडचिरोलीत आधी विचारले पाहिजे, सिकलसेलची तपासणी झाली आहे का? केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. साधी विद्राव्यता चाचणी आणि तीत शंका आली तर पुढची पक्की चाचणी करून घेता येते. वाहक किंवा रुग्ण असल्यास साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर थेट मोजावी. सिकलसेलच्या रुग्णाने तर उपासाच्या नादात पाणी कमी पडू देऊ नये. शरीर कोरडे पडले की वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणाच्या वेळा स्वतःच बदलणेही धोक्याचे आहे. साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. आधी डॉक्टरांशी बोलावे, मग वेळा बदलाव्यात.

शाळा काय करू शकते?

पहिली गोष्ट, चालायला जागा. 'रोज पहाटे चाला' हे पुण्यात म्हणणे सोपे आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या रस्त्याने एकटे चालणे म्हणजे वाघाशी गाठ पडण्याची शक्यता. शाळेचे मैदान कुंपणाचे असेल, तर त्याचे फाटक सकाळ-संध्याकाळ गावासाठी उघडे ठेवावे. मैदानाचा घेर मुलांकडून दोरीने मोजून घ्यावा. घेर २५० मीटर भरला तर १८ फेऱ्यांत साडेचार किलोमीटर होतात.

दुसरी गोष्ट, आलेख. वजन उतरवलेल्या शिक्षकांनी दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी वजन करून वर्षभराचे ५२ बिंदू आलेखकागदावर मांडावेत. तीन महिन्यांचा आलेख आणि बारा महिन्यांचा आलेख शेजारी ठेवावेत. विज्ञानातला एक मोठा धडा त्यातून आपोआप मिळतो: प्रयोग कुठे थांबवला यावर निष्कर्ष बदलतो. मुलांची वजने मात्र वर्गासमोर घेऊ नयेत. त्यांच्याकडून घरातल्या एका दिवसाच्या खाण्याची यादी एकदा श्रावणात आणि एकदा सुगीनंतर करून घ्यावी. सर्वांच्या याद्या नावे न टाकता एकत्र मांडल्या, की कुणाला भूक निवडता येते आणि कुणाला नाही, हे न सांगता कळेल.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत डॉ. दीक्षितांनी दुसऱ्या वर्षावर एक प्रकरण लिहावे, असे सुचवावेसे वाटते. त्यात किती जणांचे वजन परत आले, त्यांनी काय केले, कुणी का सोडले, हे आकड्यांनिशी यावे. एवढ्या मोठ्या मोहिमेकडे हे आकडे नसले तर ते जमवण्याजोगे आहेत, आणि असले तर ते वाचकांचे आहेत.

तोवर शिक्षकखोलीत कुणाचा पट्टा जुन्या भोकावर आलेला दिसला, तर गप्प बसू नये. त्याला सांगावे, की तुमचा निश्चय नव्हे, तुमचा मेंदू दुष्काळ समजून बसला आहे. मग शाळा सुटल्यावर त्याला सोबत घेऊन मैदानाच्या १८ फेऱ्या माराव्यात. त्याला सायास पडतात, पण दोघांनी मिळून घेतले तर ते पुष्कळ दिवस घेता येतात.